हातांची खुर्ची

आज सकाळी फाटकाशी फिजोआंची एक पिशवी ठेवलेली दिसली. कुणी ठेवली ते कळलं नाही, आणि इथे ते शोधत बसायचंही नसतं. एप्रिल आला की ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये हे सुरू होतं. ज्याच्या परसात झाड आहे त्याच्याकडे फळांचा खच पडतो. मग तो शेजारच्या दाराशी ठेवतो, ऑफिसच्या किचनमध्ये ठेवतो, डेअरीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवतो. विकत घेतलेला फिजोआ खाताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

हिरवं, अंड्याएवढं फळ. बाहेरून पाहिलं तर त्यात काही आहे असं वाटत नाही. मधून कापलं की पेरू आणि अननस एकाच टोपलीत ठेवल्यासारखा वास येतो. चमच्याने गर काढून खायचा. हे फळ झाडावरून तोडत नाहीत. पिकलं की ते आपोआप खाली पडतं, सकाळी जाऊन वेचायचं. आमच्या किनवटकडे याच सुमाराला मोहाची फुलं पडतात. पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात आणि रानभर गोड, किंचित आंबूस वास असतो. तिकडे तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं, इथे थंडी दारात येऊन उभी असते. पण वाकून वेचणारी पाठ तीच. इथल्या पहिल्या एप्रिलमध्ये शेजारची सामोअन आजी तिच्या झाडाखाली वाकलेली दिसली, आणि परक्या देशात मला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं.

पुढच्या आठवड्यात शहरात माझी एक कार्यशाळा आहे. वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधली माणसं येणार आहेत. आयोजक मुलीने काल फोनवर विचारलं, "तुमचं बॅकग्राउंड काय लिहू?" मी नेहमीचं सांगितलं. वेगवेगळ्या वंशांच्या माणसांना एकत्र बसवून बरोबरीच्या वागणुकीबद्दल बोलतं करणं, आणि वस्तीतल्या लोकांचं संघटन. "स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त'. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कुठली पदवी आली नाही. इथला एक एप्रिलमधला शरद ऋतू आला, एक शाल आली, आणि धुण्याच्या सोड्याने सोलवटलेले दोन हात आले.

माझे वडील किनवटच्या शाळेत शिपाई होते. घंटा देणं, पाणी भरणं आणि कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावणं ही त्यांची कामं. लोखंडी घडीच्या खुर्च्या समोर, रांगेत. मंचावर टेबल, टेबलावर इस्त्रीची चादर, आणि मध्यभागी हेडमास्तरांच्या खोलीतून उचलून आणलेली हातांची खुर्ची. शाळेत तशी एकच होती. प्रमुख पाहुणे तिच्यात बसायचे. बाबा ती डोक्यावर घेऊन पटांगण ओलांडायचे तेव्हा तिचे चारी पाय आभाळाकडे असायचे. कार्यक्रम चालू असताना ते खांबाला टेकून उभे राहायचे. घरात पदवी घेणारी मी पहिली. नांदेडच्या कॉलेजात समाजकार्याची पदवी घेतली, तीसुद्धा शाळेतल्या बाईंनी बाबांना घरी येऊन समजावलं म्हणून. पदवीदान समारंभात बाबा आले होते. सभागृहात खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ते मागे उभेच राहिले.

लग्नानंतर अनिलला ऑकलंडमध्ये संगणकाची नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पुण्या-मुंबईची बरीच माणसं तेव्हा येत होती. एकमेकांना भेटली की पहिला प्रश्न असायचा, "घर घेतलं का? कुठे?" बॉटनी डाउन्ससारखी ऐपतवाल्यांची वस्ती सांगितली की माना डोलायच्या. आम्ही पापाकुरात भाड्याने राहत होतो, तिथून अनिल रोज ट्रेनने शहरात जायचा. "अजून पापाकुरातच का?" असं विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असायची, पण ती वरून खाली आलेली.

पापाकुरातच मला वस्तीतल्या एका केंद्रात थोड्या तासांचं काम मिळालं. तिथे 'हिने' नावाच्या बाई होत्या, सगळे त्यांना फाएआ म्हणत. फाएआ म्हणजे आपल्याकडे मावशी किंवा काकू, मोठ्या बाईला मानाने म्हणायचं. माओरी, उंच, पांढऱ्या केसांची वेणी, पायात बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात फिजोआंची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "जा, दारं वाजव."

"काय विचारू लोकांना?"

"काही विचारू नकोस. फळं दे. चहा दिला तर पी. ते बोलतील."

कॉलेजात मी प्रश्नावली तयार करायला शिकले होते. इथे रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायचे, आणि फाएआ विचारायच्या, "आज काय ऐकलंस?" किती घरं झाली हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. कुठल्याही बैठकीत बोलण्याआधी स्वतःची ओळख द्यायची. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, मग आपली माणसं, आणि सगळ्यांत शेवटी नाव. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी अडखळले. किनवटला मला आयुष्यभर पहिला प्रश्न आडनावाचा विचारला गेला होता. आडनाव सांगितलं की विचारणाऱ्याचे डोळे क्षणभर कुठेतरी जाऊन यायचे आणि मग तो कसा बोलायचा ते ठरायचं. इथे कुणीतरी मला नदी विचारत होतं. मी म्हणाले, "माझा डोंगर माहूरचा. माझी नदी पैनगंगा." आणि रडू आलं. कुणीतरी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला.

अशाच एका दारामागे मंगलताई भेटल्या. निलंग्याच्या बाजूच्या. लातूरच्या दवाखान्यात कित्येक वर्षं नर्स. इथे नर्स म्हणून नोंदणी व्हायची होती, तोवर एका वृद्धनिवासात सेविका म्हणून लागल्या होत्या. आठ वर्षांची मुलगी मागे आजीजवळ होती. चहा झाला, फिजोआ कापून झाले, आणि मग त्या म्हणाल्या, "पेरूच्या जातीचं दिसतंय. गोड आहे, पण आपलं नाही." त्यांनीच पुढे सांगायला सुरुवात केली.

निवासातल्या एका आजींच्या मुलाने सांगितलं होतं की आमच्या आईला काळ्या हातांनी अंघोळ नको. मॅनेजरने वाद घातला नाही. त्याने मंगलताईंना सकाळच्या पाळीवरून काढलं आणि धुण्याच्या खोलीत टाकलं, चादरी आणि टॉवेलांमध्ये. पगार तोच. "तुम्हाला त्रास नको म्हणून," असं तो हसून म्हणाला होता. पण नोंदणीसाठी रुग्णाजवळ केलेल्या कामाचा अनुभव मोजला जाणार होता, आणि तो चादरींजवळ मिळत नाही. नोंदणी नाही तर पक्की नोकरी नाही, आणि पक्की नोकरी नाही तर मुलगी इथे येणार नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर 'मॅगी' लिहिलं होतं. मंगल म्हणायला जड जातं म्हणे.

"तुम्ही बोललात का मॅनेजरशी?"

"बाई, मी कसली बोलते? व्हिसा त्यांच्या हातात. माझ्या मागे उभं राहायला कोण आहे इथं?"

मी म्हटलं, आपलं मराठी मंडळ आहे.

आमचं मंडळ म्हणजे दिवाळी, गणपती आणि क्रिकेट. त्याचे कार्यवाह प्रभाकरराव, पुण्याच्या बँकेतून निवृत्त होऊन बॉटनीत मुलाकडे आलेले. मनाने खरोखर चांगला माणूस. कुणाच्या घरी आजारपण असलं की डबा घेऊन सगळ्यांत आधी पोचणारा. मी सगळं सांगितल्यावर ते हळहळले. मॅनेजरला बोलावून त्याच्यासमोर हे मांडायचं ठरलं. "बोलावूया की! पण ताई, रीतसर करू. माणूस आपल्याकडे पहिल्यांदा येतोय."

ठरलेल्या रविवारी मी फाएआंना घेऊन बॉटनीतल्या शाळेच्या हॉलमध्ये गेले आणि दारातच थबकले. खुर्च्या रांगेत लावलेल्या. समोर मंच, टेबल, इस्त्रीची चादर, समई, झेंडूऐवजी पिवळी शेवंती. आणि मध्यभागी कुणाच्या तरी डायनिंग सेटमधून आणलेली हातांची खुर्ची. समुद्र ओलांडून ती माझ्या आधी पोचली होती.

मॅनेजरचं नाव ग्रॅहम. तांबूस चेहऱ्याचा, भिडस्त, साठीकडे झुकलेला माणूस. त्याला त्या खुर्चीत बसवलं. स्वागतगीत झालं. परिचय झाला. मग प्रभाकररावांनी माइक घेतला आणि खाली वाकून पहिल्या रांगेतल्या मंगलताईंना म्हणाले, "मंगलताई, शाल मी घालतो, श्रीफळ तुमच्या हातून. तुम्ही त्यांच्याकडेच काम करता, त्यांना बरं वाटेल."

मंगलताई उठल्या. सोड्याने सोलवटलेल्या त्या हातांनी त्यांनी नारळ दिला. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. ग्रॅहमचे डोळे भरून आले. नारळ दोन्ही हातांत धरून तो म्हणाला की असा सन्मान त्याला आयुष्यात कुणी दिला नाही, आणि तुमची माणसं इतकी कष्टाळू आहेत, कधी कसली तक्रार नाही. पुन्हा टाळ्या. मंगलताईंनीही वाजवल्या. मग आभारप्रदर्शन झालं आणि बटाटेवडे आले.

कुणी ठरवून केलं नव्हतं. पाहुणा आला की त्याला उंचावर बसवायचं, हे आमच्या हाडात आहे. आणि एकदा ज्याच्या खांद्यावर शाल घातली, त्याच्या तोंडावर गाऱ्हाणं कसं मांडणार? प्रभाकरराव नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघा, माणूस किती खूश झाला. आता आपोआप सुधारेल तो."

फाएआ शेवटच्या रांगेत बसून सगळं बघत होत्या. मुलं खुर्च्या आवरायला लागली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "स्वागत सुंदर झालं. बैठक कधी सुरू होणार?"

"संपली, फाएआ."

परतताना गाडी मोटरवेला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हीसुद्धा पाहुण्याला गाऊन आत घेतो. कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावतो. कशासाठी माहितीये? आत आल्यावर एकमेकांना खरं सांगता यावं म्हणून. तुम्ही त्याला इतकं उंच बसवलंत की खालचं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही."

मग म्हणाल्या, "आता त्याला माझ्याकडे बोलाव. तो येईल. त्याच्या खांद्यावर तुमची शाल आहे."

दोन आठवड्यांनी पापाकुराच्या केंद्रात खुर्च्या वर्तुळात लावल्या. सगळ्या सारख्या, प्लास्टिकच्या. मध्ये जमिनीवर फिजोआंनी भरलेली एक परात. बाहेर पाऊस भुरभुरत होता. प्रभाकरराव आले, मंडळातली काही मंडळी आली. मंगलताई स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसल्या. आणि दारात ग्रॅहम उभा राहिला. कोटावरून शाल पांघरलेली, जरीचा काठ नीट पुढे घेतलेला. या लोकांकडे जायचं तर ती घालूनच जायचं असतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. कुणी हसलं नाही. प्रभाकरराव तर जमिनीकडे बघत राहिले. "किया ओरा," फाएआंनी माओरीत नमस्कार केला आणि त्याला मंगलताईंच्या शेजारची खुर्ची दाखवली.

फाएआंनी आपला डोंगर सांगितला, नदी सांगितली. ग्रॅहमने दक्षिण बेटावरच्या एका नदीचं नाव घेतलं आणि म्हणाला, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मग प्रभाकररावांची पाळी आली. ते उठून उभे राहिले. आता भाषण होणार असं सगळ्यांनाच वाटलं.

"माझी नदी मुठा," ते म्हणाले. थांबले. "मंगलताईंना बोलायचं आहे. मागच्या वेळी मी बोलू दिलं नाही." आणि खाली बसले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लहान भाषण असावं.

मंगलताईंनी बाह्यांतून हात बाहेर काढले. "माय रिव्हर इज तेरणा," त्या म्हणाल्या. "माउंटन नो. ओन्ली ब्लॅक सॉइल. माय नेम इज मंगल. नॉट मॅगी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, पुढचं मी आपल्या भाषेत सांगते. तुम्ही त्यांना सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. अंघोळीबद्दल, चादरींबद्दल, मुलीबद्दल. "मला सकाळची पाळी परत द्या. मला माणसांजवळचं काम द्या." एवढंच मागणं होतं. पण त्याआधी त्या जे म्हणाल्या, ते मला आजही प्रत्येक कार्यशाळेच्या आधी आठवतं. त्या म्हणाल्या, "तिकडं गावातसुद्धा माझ्या हातचं पाणी न पिणारी घरं होती. विमानात बसले तेव्हा वाटलं होतं, ती घरं मागं राहिली. इथं चामडीचा रंग बघून हात नको म्हणतात. हात तेच आहेत, साहेब. नको म्हणणारे बदलले."

मी इंग्रजी शब्द जुळवत होते. पण वर्तुळातल्या अर्ध्या माणसांना माझ्या इंग्रजीची गरज नव्हती. ग्रॅहमपर्यंत ते वाक्य पोचायच्या आधीच आमची माणसं खाली बघत होती. इतकी वर्षं ही मंडळी मला सांगत आली होती की आपलं नाव बघूनच इथे नोकरीचे अर्ज बाजूला पडतात. ते खरं होतं. त्यांचं दुःख खरं होतं. आणि त्या क्षणी, माझं भाषांतर पूर्ण व्हायच्या आधीच्या त्या शांततेत, त्या दुःखाची दुसरी बाजू त्यांच्याच भाषेत त्यांच्यासमोर बसली होती.

ग्रॅहमने शाल काढली, तिची वेडीवाकडी घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी तू पाहुणा होतास," फाएआ म्हणाल्या.

सगळं एका बैठकीत सुटलं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. ग्रॅहम "बघतो" म्हणून गेला. अजून दोनदा त्याच वर्तुळात बसावं लागलं. दोन्ही वेळा प्रभाकरराव सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावत होते. फिजोआ संपून थंडी पुरती पडली तेव्हा मंगलताईंना सकाळची पाळी परत मिळाली, त्या आजींची खोली सोडून. मी चिडले. हे कसलं मिळणं? मंगलताईच मला म्हणाल्या, "एका बंद दारासाठी बाकीची उघडी दारं सोडू का, बाई? ते दारबी वाजवू. पण आधी माझी पोरगी येऊ द्या."

पहिल्या बैठकीनंतर मी बाबांना फोन केला होता. किनवटला सकाळ होती, मागे शाळेची घंटा ऐकू येत होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधूनच विचारलं, "अध्यक्ष कोण होतं?"

"कुणीच नाही, बाबा."

"मग खुर्च्या कुणी लावल्या?"

"आम्हीच. गोल."

"आणि तू? उभी होतीस?"

"बसले होते. सगळ्यांबरोबर."

मग म्हणाले, "मी एकदा बसून बघितलं होतं त्या हातांच्या खुर्चीत. सगळे गेल्यावर. लई एकटं वाटतं गं तिच्यात."

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फाएआही गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला प्रभाकररावांनी काठी टेकत सगळ्यांसमोर उभं राहून आपली नदी सांगितली. मंगलताईंची मुलगी नंतरच्या एका एप्रिलमध्ये आली. पहिला फिजोआ तोंडात घालून तिने तोंड वाकडं केलं, "आई, साबण आहे हा!" आता आईशी बोलताना ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दर एप्रिलला झाडाखाली वाकून पिशव्या भरते. त्या आजींच्या खोलीचं दार मात्र उघडलं नाही. आजी गेल्या तेव्हाही मंगलताई बाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या होत्या. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

तर आज कार्यशाळेचा हॉल बघायला शहरात गेले होते. आयोजक मुलीने सगळं आधीच उत्साहाने मांडून ठेवलं होतं. रांगा, मंच, माइक. आणि माझ्यासाठी हातांची खुर्ची, चांगली गुबगुबीत. "तुम्ही आमच्या स्पेशल गेस्ट," ती म्हणाली. तिचा दोष नव्हता. मी तिचे आभार मानले आणि खुर्च्या हलवायला लागले.

मागून आवाज आला, "ते टेबल एकटीनं उचलू नका, कंबर धरेल."

मंगलताई. नर्सच्या गणवेशात, ड्यूटी संपवून आलेल्या. त्यांच्याच संस्थेची माणसं पुढच्या आठवड्यात इथे बसणार आहेत, आणि त्यांच्या हाताखाली आलेल्या नव्या मुलीही. छातीवर बिल्ला होता, त्यावर त्यांचं पूर्ण नाव. एका हातात फिजोआंची पिशवी. मी म्हटलं, "म्हणजे सकाळी फाटकाशी तुम्हीच?" त्या हसल्या.

आम्ही दोघींनी टेबल भिंतीकडे नेलं. रांगा मोडल्या, वर्तुळ केलं. हातांची खुर्ची त्यात बसेना. तिचे हात दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना अडत होते.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

मंगलताईंनी ती उचलून दाराजवळ नेली, तिच्यावर फिजोआंची पिशवी ठेवली आणि हात झटकून वर्तुळात येऊन बसल्या.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या. "येणारा जाणारा घेईल."